जांभूळ, मिरे आणि फादरचे द्राक्ष

दिवाळी अंक जवळ आला की आमचे संपादक दरसाल एकच निरोप धाडतात: "यंदा काहीतरी गोडधोड लिहा." एरवी या सदरात मी कारल्यावर लिहिले काय आणि नळाच्या पाण्यावर लिहिले काय, त्यांची तक्रार नसते. दिवाळीत मात्र गोड हवे. यंदा त्यांची माफी मागून मी एका आंबट, तुरट आणि मागाहून घशाशी किंचित तिखट लागणाऱ्या वस्तूवर लिहिणार आहे. वस्तू फळ आहे. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी तिला बसवायला हरकत नसावी. त्या फळाचे पुढे काय करतात, हे मात्र पाटावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना लगेच सांगू नये.

फळ म्हणजे एक काळे द्राक्ष. नाव मोंदोझ. आल्प्स पर्वताच्या फ्रान्सकडच्या अंगाला सावॉय नावाचा मुलूख आहे, तिथले. सगळ्या फ्रान्समध्ये मिळून त्याची लागवड काही शेकडो हेक्टरांपलीकडे नाही. आमच्या काटोल-नरखेडकडच्या संत्रेवाल्याला हा आकडा सांगितला, तर एवढ्याशा बागेसाठी निराळे नाव कशाला ठेवले, असे तो विचारील. मी ते नाव पहिल्यांदा ऐकले ते मात्र परदेशात नव्हे, पुस्तकातही नव्हे. कामठीला, कन्हानच्या काठी, वयाच्या अकराव्या वर्षी ऐकले.

कामठी नागपूरहून दहा मैल. इंग्रजांनी १८२१ साली कन्हानच्या उजव्या काठाला छावणी टाकली आणि तिच्या आधाराने गाव वाढले. 'कॅम्प टी' वरून कामठी झाले, असे आमच्याकडे शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. माझ्या लहानपणी सकाळी जाग यायची ती मोमिनांच्या हातमागांच्या खटखटाटाने. त्यात मधूनच छावणीतला बिगूल मिसळे. गल्लीच्या या टोकाला उर्दू, त्या टोकाला तेलुगू, दुकानात मारवाडी आणि घरात मराठी. इतक्या भाषा कानांवर पडल्यावर एखादा फ्रेंच शब्द जास्त झाला तर आम्हां पोरांना त्याचे विशेष वाटत नसे.

हा फ्रेंच शब्द तिथे आला कसा, ते सांगायला हवे. कामठीच्या छावणीत मद्रास इलाख्याच्या पलटणी असत. आयरिश गोरे, तमीळ आणि तेलुगू शिपाई. त्यांत कॅथलिक पुष्कळ. त्यांना पाद्री हवे होते. सावॉयमध्ये आन्सी म्हणून तळ्याकाठचे गाव आहे. तिथे पियेर मेर्मिये या पाद्र्याने १८३८ साली सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने एक संघ काढला. त्या संघाची पहिली तुकडी १८४५ साली निघाली आणि १८४६ त विशाखापट्टणला उतरली. तिथून थेट नागपूर-कामठीपर्यंतचा मुलूख त्यांच्या वाट्याला आला. रेल्वे नव्हती. आल्प्सच्या बर्फातून निघालेल्या माणसाची कामठीच्या पहिल्या उन्हाळ्यात काय गत झाली असेल, हे नागपूरकर वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. नागपुरात आज आपण 'एसएफएस' शाळा, 'एसएफएस' कॉलेज म्हणतो, त्यातले 'सेल्स' म्हणजे विक्री नव्हे. सावॉयमधल्या ज्या वाड्यात तो संत १५६७ साली जन्मला, त्या वाड्याचे ते नाव. मी स्वतः मॅट्रिक होईपर्यंत ते विक्रीचेच समजत होतो.

आणखी एक गंमत. ही मंडळी आली तेव्हा ती फ्रेंच नव्हतीच. सावॉय त्या वेळी सार्डिनियाच्या राजाकडे होते. १८६० साली ते फ्रान्सला जोडले गेले.

तर त्या परंपरेतले एक म्हातारे फादर १९६१-६२ च्या सुमारास कामठीत होते. वडिलांनी मला त्यांच्याकडे इंग्रजी सुधारायला पाठवले. गोऱ्या माणसाला इंग्रजी येणारच, अशी वडिलांची भाबडी समजूत होती. फादरांचे इंग्रजी फ्रेंचसारखे होते, हिंदी तेलुगूसारखी होती आणि मराठी मात्र अस्सल नागपुरी. "काऊन बे, आज उशीर काऊन केला?" असे दारातच विचारीत. माझे इंग्रजी जिथल्या तिथे राहिले, पण संध्याकाळ बरी जाई.

त्यांच्या खोलीमागे मांडवावर एक द्राक्षाचा वेल होता. कोणी लावला होता कोण जाणे. पाला उदंड येई. घोस वर्षाकाठी तीन-चार, आणि तेही असे की माकडांनी एकदा चाखून पुन्हा त्या मांडवाकडे पाहिले नाही. मी एकदा विचारले, "फादर, हे तुमच्या गावचे द्राक्ष का?" ते हसले. म्हणाले, "आमचं इथं एका मे महिन्यात मरून जाईल. त्याला थंडीत झोप पाहिजे. तुमच्या कामठीत झोप कुठं आहे?"

मग त्या द्राक्षाचे नाव निघाले. त्याची वाइन कशी लागते, हे अकरा वर्षांच्या मुलाला कसे सांगायचे, असा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता. आमच्या घरी द्राक्षाचा बाटलीतला प्रकार एकच ठाऊक होता, वैद्यबुवांचे द्राक्षासव, आणि तेही आजीच्या अशक्तपणासाठी दोन चमचे. फादरांना प्रश्न पडला नाही. मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. बाजारात जांभळे आली होती. ते म्हणाले, "ऐक. जीभ निळी होईपर्यंत जांभळं खा. बी लगेच थुंकू नको, जरा चावून बघ. मग एक काळा मिरा दाताखाली फोड. मग कन्हानमधला ओला गोटा नाकाशी धर. तेच. तेच आमचं लाल."

मी आणि माझा मित्र, दोघांनी नदीवर जाऊन हा प्रयोग यथासांग केला. जांभळापर्यंत सर्व ठीक होते. मिऱ्याने ठसका लागला, गोट्याला शेवाळाचा वास आला, आणि घरी आईने निळी जीभ पाहून पाठीत धपाटा घातला. सावॉयच्या वाइनची माझी पहिली चव ही अशी.

आज त्या वाइनविषयी जाणकारांनी लिहिलेले वाचतो तेव्हा फादरांनी किती नेमके सांगितले होते, याचे नवल वाटते. रंग गडद जांभळा. आंबटपणा तरतरीत. हिरडी आवळून धरणारा तुरटपणा. वास काळ्या फळांचा, मिऱ्याचा आणि व्हायोलेट नावाच्या निळ्या फुलाचा. हे फूल फादरांनी वगळले, कारण कामठीत ते दाखवणार कुठे? मद्य अंगचे कमीच, त्यामुळे डोके धरत नाही म्हणतात. आणि काही वर्षे ठेवली तर तुरटपणा मऊ पडतो. नवी बाटली उघडून नाक मुरडणाऱ्याने तिची परीक्षा केलीच नाही, असे तिचे चाहते सांगतात.

या द्राक्षाचा स्वभावच उशिरा पिकण्याचा. डोंगराळ मुलखात उशिरा पिकणे म्हणजे जिवावरचे काम. कारण हिवाळा वाट पाहत नाही. म्हणून त्याला सगळ्यांत चांगली, दक्षिणेकडे तोंड असलेली, दगडधोंड्यांची उताराची जागा लागते. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात याच डोंगरांतल्या अॅलोब्रोगे लोकांच्या एका वेलीचे वर्णन केले आहे. थंड जागेत होणारी, दहिवरात पिकणारी, काळ्या रंगाची. ती हीच का, यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. स्वभाव जुळतो, एवढे खरे.

दुसरा स्वभाव असा की वेल दांडगी आणि फळाला हात सैल. मोकळी सोडली तर घोसावर घोस धरते. आणि तिथेच तिचे नाव खराब झाले. ओझे फार झाले की द्राक्षे अर्धवट पिकतात आणि वाइन पातळ, आंबट, कडवट होते. शेतकऱ्याला घरच्या पिंपासाठी माल भरपूर हवा असे, तो भरपूर काढी, आणि मग पिणारा म्हणे की हे द्राक्षच हलके. एकुलत्या एका मिळवत्या मुलावर सगळे घर टाकायचे आणि वर त्याला चिडका म्हणायचे, तशातला प्रकार.

फादरांच्या घरचे द्राक्ष मात्र या बदनामीने गेले नाही. ते किडीने गेले. "आजोबांनी लावलं, बापानं उपटलं," एवढेच ते म्हणत. ही कीड म्हणजे फायलोक्झेरा. मुंगीहून बारीक, माव्याच्या जातीची. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर ती फ्रान्सच्या दक्षिणेला उतरली आणि मुळांतला रस शोषीत, बागांमागून बागा वाळवीत पुढे सरकली. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सावॉयच्या डोंगरांनाही तिने सोडले नाही. औषध सापडले ते अमेरिकेतच: तिथल्या रानटी वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. तेव्हा मूळ अमेरिकेचे आणि वरचा डोळा फ्रान्सचा, अशी कलमे सुरू झाली. आमच्याकडच्या संत्रेवाल्यांना हे नवे नाही. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात, तसेच ते.

पण कलम करायचे म्हणजे पैसा, आणि पुन्हा सगळी बाग नव्याने लावायची. अशा वेळी माणूस हिशेब करतो. उशिरा पिकणारी, उत्तम जागा मागणारी, चार वर्षे मुरल्याशिवाय गोड न बोलणारी ही जात पुन्हा कशाला लावा? लवकर येणाऱ्या, सोप्या जाती लोकांनी लावल्या. पुढे महायुद्धानंतर बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली. त्यांना वितळलेल्या चीजबरोबर त्याच वर्षाची हलकी पांढरी वाइन पुरे होती. मोंदोझ मागे पडत गेली ती अशी, कोणाच्या वैराने नव्हे.

फादरांना हे सगळे ठाऊक होते असे नाही. त्यांना एवढेच ठाऊक होते की लहानपणी घरच्या तळघरात त्या वाइनचे एक पिंप उरले होते, ते संपले आणि मग नवे भरले नाही. एकदा मला म्हणाले, "ही चव ठाऊक असलेला या कामठीत मी एकटाच." मी म्हटले, "फादर, मलापण ठाऊक आहे. जांभूळ, मिरे आणि गोटा." यावर ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आत गेले आणि त्या दिवशीची शिकवणी तिथेच संपली. आपण काहीतरी आगाऊपणा केला, असे मला वाटले.

घराविषयी त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट पक्की लक्षात आहे. त्यांच्या दारातून समोर, खोऱ्याच्या पलीकडे, एक तुटका डोंगर दिसे. "एका रात्री अर्धा डोंगर खाली आला. गावंच्या गावं गाडली गेली." आम्ही पोरे घाबरून विचारते झालो, "तुम्ही पळालात का?" ते म्हणाले, "नाही बे. सातशे वर्षं झाली." सातशे वर्षांपूर्वीचा अपघात हा माणूस गेल्या आठवड्यातल्यासारखा सांगतो, याची आम्ही नंतर बरीच थट्टा केली.

पुढे मी शिक्षणासाठी नागपूरला आणि नोकरीसाठी मुंबईला गेलो. फादर वारल्याचे आईच्या पत्रातून कळले. मोंदोझ हा शब्द चाळीसएक वर्षे डोक्याच्या माळ्यावर पडून होता.

तो खाली काढला माझ्या पुतणीने. ती रसायनशास्त्राची पदवीधर. नाशिकला एका वाइनच्या कारखान्यात आहे. तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते, तेव्हा आमचे बंधुराज 'फळप्रक्रिया उद्योगात आहे' असे सांगत. खोटे काही नव्हते. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षाच्या वाइनसाठी निराळे धोरण केले, नाशिकच्या आसपास कारखाने उभे राहिले, आणि आमच्यासारख्या घरांतल्या मुली तिथे अंगावर पांढरा डगला चढवून पिंपांतले नमुने तपासू लागल्या. काळ बदलला म्हणतात तो असा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तिने मला एका पेल्यात तळाशी थोडी लाल वाइन दिली. "काका, पिऊ नका हवं तर. नुसता वास घ्या." मी नाक जवळ नेले आणि म्हटले, "मिरे!" सौ. नेही वास घेतला आणि तिच्या पद्धतीने निकाल दिला, "साराला मिरे जरा जास्त झाल्यासारखं वाटतंय." पुतणी खूश झाली. वाइन शिराझची होती. तिने सांगितले की या वासाचे द्रव्य ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली शोधून काढले, त्याचे नाव रोटुंडोन, आणि खऱ्या मिऱ्यातला वासही त्याचाच. लिटरभर वाइनमध्ये ते ग्रॅमचा काही अब्जांश भाग असले तरी पुरते. गंमत अशी की पाचांतल्या एका माणसाला हा वास मुळी येतच नाही.

मी सहज म्हणालो की असा मिऱ्याचा वास असलेले एक द्राक्ष माझ्या लहानपणी कामठीत एक फादर सांगत असत. नाव काहीसे मोंदोझ. पुतणीने पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितले. "काका, मोंदोझ तुम्हाला कामठीत कोणी सांगितली?"

मग तिने जे सांगितले त्याने मला त्या रात्री झोप लागली नाही. (वाइन घेतली नव्हती, हे सौ. च्या समाधानासाठी नमूद करतो.) शिराझ म्हणजे फ्रान्समधले सिरा. इराणातल्या शिराझ शहरातून ते एका क्रूसेडरने आणले, अशी आख्यायिका पुष्कळ वर्षे चालत होती. आपल्याला शिराझ म्हटले की हाफीज आणि सादी आठवतात. तेव्हा ती आख्यायिका आपल्याला गोडच वाटणार. पण १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या कॅरोल मेरेडिथ यांनी आणि फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या संशोधकांनी गुणसूत्रांची तपासणी करून सिराच्या आईबापांचा पत्ता लावला. इराणशी संबंध शून्य. एक बाजू द्युरेझा, ऱ्होन नदीच्या पश्चिमेकडच्या आर्देश भागातली. दुसरी बाजू पांढरी मोंदोझ, सावॉयची. आणि फादरांची काळी मोंदोझ या पांढरीची जवळची रक्ताची: एक तर आई, नाहीतर मूल. त्यामुळे ती सिराची आजी तरी लागते, नाहीतर सावत्र भावंड तरी. आपल्याकडच्या एखाद्या भावकीत नाते इतके जवळ असूनही नेमके काय म्हणावे, हे कळत नाही, तसे.

त्यातली पांढरी मोंदोझ आज सावॉयमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या हेक्टरांत उरली आहे. तिचे मूल मात्र जगभर हिंडले. १८३२ च्या सुमारास जेम्स बझ्बी नावाच्या गृहस्थाने फ्रान्समधून वेलींच्या काड्या गोळा करून ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यांत सिरा होती. तिथे तिचे नाव बदलत बदलत शिराझ झाले आणि त्या नावाने ती नाशिकच्या काळ्या जमिनीवर येऊन उभी राहिली. फादर कामठीच्या मांडवाखाली बसून, आमचे द्राक्ष इथे एका मे महिन्यात मरेल म्हणत होते. त्यांच्या घरच्या द्राक्षाचे जवळचे नातलग आज त्याच महाराष्ट्रात, त्याच मे महिन्यात, पानांनी भरलेले उभे असते.

हे जमते कसे, ते मला पुतणीने दुसऱ्या दिवशी बागेत नेऊन दाखवले. थंडीतली झोप इथे नाहीच, तेव्हा माणूस कात्री घेऊन वेलीला ऋतू शिकवतो. एप्रिलात खरड छाटणी, तीत नुसती काडी वाढवायची. मग पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या आसपास, गोडी छाटणी. तिच्यातून फूल आणि फळ. सावॉयमध्ये वर्षाची एकच छाटणी, हिवाळ्यात, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला तिकडे पिंपे भरून झालेली असतात आणि इकडे नाशिकला छाटलेल्या काडीवर नवे डोळे फुगत असतात. फादरांच्या मांडवावरच्या वेलीला बिचारीला हे कोणी शिकवले नाही. ती बारा महिने जागीच राहिली आणि पाला देत बसली.

त्या बागेत काम करणाऱ्या एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारले, "आमच्या लहानपणी नाशिकची द्राक्षे करंड्यांतून कामठीपर्यंत येत. बिया असत, साल जाड असे. ती कुठे गेली?" तो म्हणाला, "भोकरी म्हणता का? ती आता कोण लावतो?" मग त्याने स्वतःच नावे घेतली: भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, काळी साहेबी. बिनबियांची थॉमसन आली आणि ही सगळी नावे बाजारातून गेली. थॉमसनबद्दल माझी तक्रार नाही. नातवंडांना बी काढून द्यावी लागत नाही, हे सुख आहेच. पण साहेबी हा शब्द उच्चारताना त्या माणसाने जो आवाज काढला तो मी पूर्वी एकदा कामठीत ऐकला होता.

सावॉयमध्ये मात्र गोष्ट थोडी निराळी घडली. इझेर नदीच्या खोऱ्यात फ्रेतरीव नावाचे गाव आहे. फायलोक्झेरानंतर कलमांची गरज पडली तेव्हापासून ते द्राक्षाच्या रोपवाटिकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथल्या रोपवाटिकेच्या घराण्यातले मिशेल ग्रिझार या गृहस्थांनी १९८० नंतरच्या काळात सगळे शहाणे नको म्हणत असताना मोंदोझ मनावर घेतली. युक्ती साधी होती, पण खिशाला लागणारी. वेलीवरचे घोस कमी ठेवायचे, पिकेपर्यंत थांबायचे, आणि वाइन ओकच्या पिंपात मुरू द्यायची. शेजारच्या आर्बॅं गावातही काही घरांनी ती कधी सोडलीच नव्हती. हळूहळू लोकांच्या लक्षात आले की हलके द्राक्ष म्हणून जिला नावे ठेवली ती हलकी नव्हती. आल्प्समधल्या विसरलेल्या जाती गोळा करून जपण्याचे काम पुढे तिथल्या मंडळींनी संस्था काढून हाती घेतले आहे. मोंदोझ आता मरणार नाही, असे पुतणी म्हणते. फार वाढेल असेही नाही.

गेल्या वर्षी ती प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेली होती. शांबेरीला उतरून मुद्दाम माझ्यासाठी मोंदोझची एक बाटली घेऊन आली आणि दिवाळीला आमच्याकडे आली. आता ती बाटली घरात ठेवायची कुठे, यावर दोन दिवस गेले. देवघराच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात नको, दिवाणखान्यात तर नकोच नको. शेवटी औषधांच्या कपाटात, द्राक्षासवाच्या शेजारी ती उभी राहिली. दोघी एकाच कुळातल्या, असे मी म्हणून पाहिले. सौ. ने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

भाऊबीजेला मेहुणे आले. रात्री जेवणे झाल्यावर बाटली उघडली. सर्वांना मिळून चार पेले, प्रत्येकी तळाला लागेल इतकी. मेहुण्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "आंबट आहे हो. आणि मिरे कुठं आहेत?" ते त्या पाचांतले एक निघाले. त्यांनी त्यात सोडा घालायला मागितला. पुतणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सौ. ने घोट घेतला नाही, पण वास तीनदा घेतला.

मी घेतला. आधी जांभूळ. मग ती हिरडी आवळणारी बी. मग, जरा थांबून, घशाशी मिरा. ओल्या गोट्याचा वास नक्की कुठला ते सांगता येणार नाही, पण कन्हानचा काठ आठवला, एवढे खरे.

बाटलीवर आर्बॅं हे नाव होते. पुतणीने फोनवर त्या गावाचे चित्र काढून दाखवले. मळे उन्हाकडे तोंड करून उताराला बसलेले, आणि समोर खोऱ्यापलीकडे ग्रानिये नावाचा डोंगर, शेकडो मीटरांचा उभा कडा, जसा सुरीने कापलेला. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री त्याचा अर्धा भाग खाली आला आणि गावे गाडली गेली. त्या ढिगाऱ्यावर आज पांढऱ्या द्राक्षांचे मळे आहेत. म्हणजे फादरांचा तुटका डोंगर हाच.

पुतणी विचारू लागली, "मग त्यांचं गाव आर्बॅंच का, काका? की सँ-झाँ-द-ला-पोर्त? की फ्रेतरीव? तो डोंगर तर तिकडच्या पुष्कळ गावांतून दिसतो."

दोन वर्षे आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसत होतो. गावाचे नाव मी कधी विचारलेच नाही.